वाचकांचे प्रश्न: बंदी भोगून आलेला कॅप्टन

प्रश्न: सर नमस्कार, बेल्जियमचा जुना डिफेंडर एरिक गेरेट्स, त्याच्यावर लाच प्रकरणात बंदी आली होती असं ऐकलं, मग तोच पुढं युरोपियन कप (म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग) जिंकणाऱ्या टीमचा कॅप्टन कसा? मला वाटतं दोन वेगळे गेरेट्स असावेत. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही हो, माणूस एकच. रेकेम गावचा, जन्म १९५४, भरघोस दाढी आणि राइट बॅकला असा खेळायचा की लोक 'रेकेमचा सिंह' म्हणायचे. स्टँडर्ड लिएज हा त्याचा पहिला मोठा क्लब. १९८० च्या युरो कपमध्ये बेल्जियम फायनलला गेला त्यात हा होता, स्पेनविरुद्ध गोलही मारला, पण फायनलला पश्चिम जर्मनीच्या ह्रुबेशनं दोन गोल मारले आणि २-१ नं हरले.

आता भानगड. मे १९८२ मध्ये स्टँडर्डला लीग जिंकायला शेवटची मॅच वॉटरशाईशी होती, आणि चारच दिवसांनी बार्सिलोनाशी कप विनर्स कपची (युरोपातल्या देशोदेशीच्या कप विजेत्यांची स्पर्धा) फायनल, तीही त्यांच्याच ग्राउंडवर. कोच गुतालला भीती वाटली की आपली पोरं जखमी होतील, म्हणून समोरच्यांनी जरा सांभाळून खेळावं असं ठरलं आणि स्टँडर्डच्या प्लेयर्सनी आपला बोनस त्यांना दिला. स्टँडर्ड ३-१ नं जिंकला, चॅम्पियन झाला, आणि वर फायनल हरलाच! गेरेट्सला त्याच वर्षीचा बेल्जियन गोल्डन शू, म्हणजे तिथल्या लीगमधल्या सर्वोत्तम प्लेयरचा किताब, मिळाला. प्रकरण बाहेर आलं १९८४ मध्ये, तोवर साहेब एसी मिलानला पोचले होते, मिलाननं सरळ काढून टाकलं आणि वर बंदी.

मला विचाराल तर त्याची खरी करिअर इथून पुढची आहे, कारण साधारण तिशीच्या डिफेंडरला असा डाग लागला की मोठे क्लब ढुंकूनही बघत नाहीत. त्याला मिळाला मास्ट्रिक्टचा एमव्हीव्ही, छोटा क्लब, आणि मग १९८५ ला नेदरलँड्सचाच मोठा क्लब पीएसव्ही. तिथं सात सीझनमध्ये सहा लीग टायटल. १९८६ च्या वर्ल्ड कपला बेल्जियम चौथा आला त्यातही तो आहेच.

प्रश्न: पीएसव्ही १९८८ ला शेवटच्या पाच मॅच न जिंकता युरोपियन कपचा चॅम्पियन झाला हे खरंय का?

उत्तर: शंभर टक्के, आणि मला तर हे फारच आवडतं. क्वार्टर फायनलला बोर्डोशी १-१ आणि ०-०, सेमीला रिअल माद्रिदशी परत १-१ आणि ०-०, दोन्ही वेळा बाहेरच्या मैदानावरच्या गोलवर निभावलं (दोन मॅच मिळून बरोबरी झाली की बाहेर जास्त गोल मारणारा पुढं, असा तेव्हा नियम होता), आणि स्टुटगार्टला बेन्फिकाविरुद्ध फायनल ०-०, पेनल्टीवर ६-५. बेन्फिकाच्या वेलोसोची पेनल्टी पीएसव्हीचा गोलकीपर व्हॅन ब्रुकेलेननं अडवली आणि कप उचलला कॅप्टन गेरेट्सनं. टीका बरीच झाली की हे काय चॅम्पियन, पण पाच मॅचमध्ये फक्त दोन गोल खाल्ले ना, मग डिफेंडरनं अजून काय करायचं? शिवाय त्याच सीझनला लीग आणि डच कपही जिंकले, म्हणजे गोल मारता येत नव्हते असंही नाही. कोच होता हिडिंक.

देशासाठी एकूण ८६ मॅच. १९९० च्या वर्ल्ड कपला उरुग्वेविरुद्ध रेड कार्डही खाल्लं, दाढीवाला शेवटपर्यंत काही मवाळ झाला नाही. नंतर कोच म्हणून लिअर्स, क्लब ब्रुज, पीएसव्ही, गालातासराय, चारही ठिकाणी लीग जिंकली, पण त्याबद्दल कोणी विचारलंत तर पुढच्या अंकात.