पेस्ट केलं की इनपुट थांबत का नाही?

हर्णैच्या मासळी लिलावातले भाव टिपायला तुम्ही तीन ओळी लिहिल्यात: पाटीचा भाव विचारा, पाट्या किती ते विचारा, गुणाकार छापा. तिन्ही एकदम पायथनच्या जुन्या शेलमध्ये (३.१३ च्या आधीचा; शेल म्हणजे ओळ टाकली की लगेच चालवणारी खिडकी) पेस्ट केल्या, तर भाव विचारायला तो थांबलाच नाही आणि थेट व्हॅल्यूएरर आला, म्हणजे 'या मजकुराचा आकडा होत नाही' अशी तक्रार. गुणाकाराला दोष देऊ नका. एररचा शेवट नीट वाचा, अवतरणचिन्हांत तुमचीच दुसरी ओळ दिसेल.

शेलमध्ये कोडही कीबोर्डवरूनच येतं आणि इनपुटचं, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या फंक्शनचं, उत्तरही. वाट एकच. पहिली ओळ चालली, इनपुट उत्तराची वाट बघू लागलं, आणि रांगेत पुढे उभी होती पेस्ट केलेली दुसरी ओळ. तीच त्याने भाव म्हणून घेतली. लिलाववाल्याने भाव पुकारल्यावर मागून कोणी पोराला हाक मारली आणि तीच बोली धरली गेली, तसलाच प्रकार.

मी असलं काम फाईलमध्येच लिहितो आणि कमांडमध्ये 'पायथन'नंतर 'उणे आय' देऊन चालवतो. प्रश्न नीट विचारले जातात आणि शेवटी शेल उघडा राहतो, व्हेरिएबल सगळी हाताशी. शेलमध्येच करायचं असेल तर तिन्ही ओळी एका फंक्शनमध्ये घाला आणि फंक्शन पेस्ट झाल्यावर त्याला हाताने कॉल करा. जुन्या शेलमध्ये फंक्शनच्या आत रिकामी ओळ सोडू नका, तिथेच फंक्शन संपलं असं तो समजतो. तिन्ही ओळी अर्धविराम देऊन एकाच ओळीत लिहिल्या तरी भागतं, कारण आख्खी ओळ आधीच वाचून झालेली असते. पायथन ३.१३ पासून शेलमध्ये एफ३ दाबून पेस्ट मोडही मिळतो.

आता आकडे. इनपुट नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच देतं, म्हणून त्याचा पूर्णांक करायला इंट लागतंच. फोनवरून मराठी कीबोर्डने कोणी ४५० टाकलं तरी घाबरू नका, इंटला देवनागरी अंक कळतात! मागचापुढचा स्पेसही चालतो. अडतं ते ४,५०० मधल्या स्वल्पविरामावर. तो आधी रिप्लेसने काढा. साडेबारा किलोसारख्या दशांशासाठी मात्र फ्लोट घ्या.

आणि लिलाव संपल्यावर कोणी कंट्रोल-डी दाबलं तर ईओएफएरर, म्हणजे 'इनपुट संपलं' असा एरर येईल. विंडोजवर तेच कंट्रोल-झेड आणि एंटर. तो एरर पकडून तिथे दिवसाची बेरीज छापा.