उत्पत्तीपासून नको, मार्कपासून

ताई, बायबल कुठून वाचायला घेऊ, विचारलंत ना? उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू केलंत तर तिसऱ्यात, लेवीयाच्या नियमांत अडकाल. मी दोनदा अडकलोय. आधी मार्क घ्या, येशूच्या जीवनाची गोष्ट, 16च अध्याय. ठाण्याहून वाशी लोकल पकडता ना? ऐरोली-रबाळेपर्यंत एक अध्याय होतो.

रात्री बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र. 103वं पेन्सिल घेऊनच वाचा. बाप मुलांवर ममता करतो तसा परमेश्वर करतो, आणि आपण माती आहोत हे तो विसरत नाही. माझ्या प्रतीत नेमका तिथेच चहाचा डाग आहे!

नोकरी बदलू का, म्हणून डोळे मिटून पान उघडायचं नि बोट ठेवायचं, हे मात्र नको. ती लॉटरी झाली. रोज वाचलेलंच ऐन वेळी आठवतं.

चार दिवस बुडाले? मागचं भरत बसू नका, आजचं वाचा. बायबलमधल्याच विलापगीत पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात दया रोज सकाळी नवी होते म्हटलंय. बायबलमधल्या वंशावळ्यांचं नंतर बघू.