बेंबी लाल, पण पू नाही: सीडी१८ तपासणीविषयी वाचकांचे प्रश्न

बहिणीच्या बाळाची नाळ चौथ्या आठवड्यातही गळलेली नाही. बेंबी लालभडक आहे, पण पू नाही. डॉक्टरांनी 'सीडी१८ फ्लो सायटोमेट्री' लिहून दिली आहे. घाई आहे का? (एक मावशी, सोलापूर)

हो, आहे. नाळ उशिरा गळणारी बहुतेक बाळं ठणठणीत असतात. पण बेंबीला संसर्ग, पू नाही आणि पांढऱ्या पेशी मात्र खूप वाढलेल्या, असं एकत्र दिसलं की थांबू नये.

न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आधी रक्तवाहिनीची आतली भिंत घट्ट धरतात आणि मगच बाहेर पडून जंतूंपर्यंत पोचतात. ही पकड पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांची. सीडी११ए, बी, सी या सगळ्यांचा जोडीदार एकच, सीडी१८. आयटीजीबी२ जनुकातल्या दोषामुळे तो तयारच झाला नाही, तर बाकीचेही पेशीच्या पृष्ठभागावर येत नाहीत. पेशी रक्तातच फिरत राहतात, जखमेपर्यंत जात नाहीत. म्हणून पू होत नाही. या आजाराला लॅड-१ (ल्युकोसाइट अ‍ॅढिजन डेफिशियन्सी, म्हणजे पांढऱ्या पेशींची पकड नसणं, प्रकार १) म्हणतात.

तपासणीत फक्त सीडी१८ला चिकटणारे, चमकता रंग जोडलेले मोनोक्लोनल प्रतिपिंड रक्तात मिसळतात आणि एकेक पेशी लेझरसमोरून जाऊ देतात. सीडी१८ असलेले न्यूट्रोफिल २ टक्क्यांहून कमी निघाले तर आजार तीव्र, साधारण २ ते ३० टक्के असतील तर मध्यम. तीव्र आजारात बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार लगेच करावा लागतो. मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीमध्ये अशा आजारांचं निदान होतं.

एकाच सॅम्पलमध्ये सीडी११बी सकाळी कमी आणि दुपारी जास्त येतो. प्रतिपिंड खराब झालं असेल का? (लॅब टेक्निशियन, नाशिक)

आधी रक्ताकडे बघा. न्यूट्रोफिलच्या आतल्या कणिकांमध्ये सीडी११बीचा साठा असतो. पेशी चेतवली गेली की तो पृष्ठभागावर येतो, आणि त्यासाठी सॅम्पल बर्फात ठेवून पुन्हा गरम करणंही पुरतं. पृष्ठभागावरच्या सीडी६२एल या दुसऱ्या प्रथिनाचं उलट आहे, चेतवल्यावर पेशी तो कापून टाकते. दोन्ही एकत्र लावा: पहिला वर आणि दुसरा खाली गेला असेल, तर सॅम्पलची हाताळणी बिघडली आहे. निरोगी माणसाचं रक्त त्याच वेळी घेऊन, तसंच आणून, शेजारी चालवल्याशिवाय मी असा रिपोर्ट सही करून देत नाही. आणि पीई (फायकोएरिथ्रिन हा चमकता रंग) जोडलेलं प्रतिपिंड कधीही फ्रीझरमध्ये ठेवू नका.

सीडी१८ नॉर्मल आला, तरी संसर्ग थांबत नाहीत. आता लॅड नाही असं समजायचं का? (बालरोगतज्ज्ञ, लातूर)

नाही. रंग लागला म्हणजे प्रथिन जागेवर आहे, एवढंच सिद्ध होतं. लॅडच्या तिसऱ्या प्रकारात, लॅड-३मध्ये, किंडलिन-३ हे प्रथिन नसल्यामुळे इंटिग्रिन असूनही पकड घेत नाही. प्लेटलेट्सचंही तेच होतं, म्हणून बाळाला रक्तस्राव होतो का हे जरूर विचारा. लॅड-२मध्ये सीडी१५एस ही साखरेची खूण नसते. तिथे सीडी१८ कितीही वेळा तपासला तरी नॉर्मलच येणार. या मुलांचा रक्तगट बॉम्बे हा दुर्मीळ गट असतो, तेव्हा रक्तगटाचा कागद आधी काढून बघा.

आमच्या घरात दोघांचा बॉम्बे रक्तगट आहे. आम्हालाही हा आजार असेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

तब्येत चांगली असेल तर काळजी नको. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेल्या या रक्तगटात फक्त एच प्रतिजन (लाल पेशींवरची साखरेची खूण) बनत नाही; प्रतिकारशक्ती शाबूत असते. लॅड-२मध्ये फ्युकोज साखर पेशीत जिथे लागते तिथे पोचतच नाही, म्हणून एच आणि सीडी१५एस दोन्ही जातात. तो आजार अत्यंत दुर्मीळ आहे. तुम्हाला रक्त मात्र बॉम्बे गटाचंच चालतं. तशी नोंद असलेलं कार्ड दोघांनीही कायम जवळ ठेवा.