उत्तर: ९ वर्षांची लॅब्रॅडॉर, पाणी खूप पिते, जेवत नाही

हीट (माज) संपून महिना झाला, पाणी आणि लघवी वाढली, दोन दिवस जेवण नाही, एकदा उलटी, नसबंदी झालेली नाही. तुम्ही लिहिलेल्या या वर्णनावरून पहिला संशय पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा. 'खालून काही जात नाही, म्हणून तो नसेल' हे मात्र चूक. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू आतच साठतो, आणि हाच प्रकार जास्त घातक. ताप नसला तरी निश्चिंत राहू नका.

मेटिंग होवो न होवो, प्रत्येक हीटनंतर साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं असतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, तोंड मिटतं, तिथली प्रतिकारशक्ती मंदावते. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की अस्तरात गाठी-फोड येतात आणि ई. कोलाय जंतूंना आयती जागा मिळते. त्यांच्या विषामुळे किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ही तहान. पाणी मोजून ठेवा: २८ किलोच्या कुत्रीने दिवसाला २.८ लिटरच्या वर प्यायलं, तर ते नक्कीच जास्त. पण तेवढ्यासाठी उद्यावर ढकलू नका.

आजच सोनोग्राफी, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या द्रवाने फुगलेल्या नळ्या दिसल्या की बहुतेक निदान झालंच. मग सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक, आणि तब्येत जरा सावरली की गर्भाशय आणि अंडाशयं काढायचं ऑपरेशन. काही तासांत, चार दिवसांनी नव्हे. नुसत्या गोळ्यांवर ठेवणं मला पटत नाही. गर्भाशय फुटलं तर पू पोटभर पसरतो. घरी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन काही देऊ नका.

'या वयात भूल झेपेल का?' वयापेक्षा किडनी किती बिघडलीय ते बघा. थांबलात तर ती आणखी बिघडते. फुगलेल्या गर्भाशयाची भिंत ओल्या कागदासारखी होते, ओढली तर फाटते. म्हणून छेद लांब घ्यावा लागतो. छोट्या छेदाचा आग्रह धरू नका. दोन्ही अंडाशयं पूर्ण निघाली ना, हे आवर्जून विचारा. तुकडा राहिला तर हीट परत येते आणि गर्भाशयाच्या उरलेल्या टोकातही पू होऊ शकतो.

नंतर टाके निघेपर्यंत, १० ते १४ दिवस, गळ्यात कॉलर, जिना-सोफा बंद. ऑपरेशननंतरचे दोन-तीन दिवस जास्त नाजूक. लघवी होतेय ना, यावर लक्ष ठेवा.

आणि भूल द्यायच्या आधी स्तनांच्या दोन्ही रांगा बोटांनी चाचपायला सांगा. वाटाण्याएवढी गाठ लागली तरी, ती फुप्फुसात पसरली नाही ना हे बघायला, छातीचा एक्स-रे हवा.