वाचकांचे प्रश्न : खेळाडूचा वेग नेमका कुठे मोजायचा?

प्रश्न : इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील एका फुटबॉलपटूने ताशी ३७ किलोमीटरहून अधिक वेग गाठल्याचे वाचले. उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार केले, त्याचा हिशेब केला तरी वेग ताशी साडेसदतीस किलोमीटरच येतो. मग असा फुटबॉलपटू बोल्टच्या बरोबरीने धावेल, असे समजायचे का? — एक वाचक

उत्तर : आपला भागाकार बरोबर आहे, गल्लत आहे ती तुलनेत. टॉटनहॅमचा बचावपटू मिकी व्हान दे व्हेन याने जानेवारी २०२४ मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध ताशी ३७.३८ किलोमीटर वेग गाठला. तो त्याचा त्या क्षणाचा कमाल वेग होता. बोल्टचा ताशी ३७.५८ किलोमीटर हा आकडा मात्र संपूर्ण शर्यतीची सरासरी आहे, आणि तिच्यात पिस्तुलाचा आवाज ऐकून प्रतिसाद देण्यात गेलेला काळ व जागेवरून उठतानाचे संथ पहिले दहा मीटरही धरलेले आहेत. कमाल वेगाची कमाल वेगाशीच तुलना करायची, तर २००९ मध्ये बर्लिनला झालेल्या त्या शर्यतीत ६० ते ८० मीटर हा टप्पा बोल्टने १.६१ सेकंदांत ओलांडला होता, म्हणजे ताशी ४४.७ किलोमीटर. इतकेच नव्हे, तर २० ते ३० मीटर या टप्प्यातच त्याची सरासरी ताशी ४० किलोमीटरवर पोहोचली होती. तेव्हा सरळ शर्यतीत बरोबरीचा प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र फुटबॉलपटूला सरळ शर्यत धावायची नसते, आणि माझ्या मते या विषयावरच्या बहुतेक चर्चा इथेच भरकटतात. सामन्यात तो दहा-अकरा किलोमीटर अंतर कापत असला, तरी पूर्ण वेगाच्या त्याच्या बहुतेक धावा वीस मीटरच्या आत आणि दोन-चार सेकंदांत आटोपतात. शंभर मीटरचा अव्वल धावपटू ज्या पन्नास-साठ मीटरनंतर आपल्या कमाल वेगाला पोहोचतो, तेवढी मोकळी जागा सामन्यात क्वचितच मिळते. शिवाय खेळाडू बहुधा जागेवरून सुटत नाही. तो चालत, हळू पळत किंवा पाठीमागे सरकत असतानाच झेप घेतो. पाऊल हवेत असताना दिशा बदलता येत नाही, म्हणून तो धावपटूसारखी लांब ढांग टाकत नाही. शरीर खाली ठेवून आखूड, भराभर पावले टाकतो. शंभर मीटरच्या प्रशिक्षकाला ही धाव सदोष वाटेल, पण खेळाच्या दृष्टीने ती अगदी योग्य आहे.

अमेरिकन फुटबॉल या हातात चेंडू घेऊन धावण्याच्या वेगळ्या खेळात खेळाडूंची निवड करताना ४० यार्ड, म्हणजे ३६.५८ मीटर धावण्याची चाचणी घेतात. तिथला ४.२१ सेकंदांचा विक्रम झेव्हियर वर्दी याने २०२४ मध्ये केला. बर्लिनच्या शर्यतीतील टप्पे जुळवून पाहिले, तर बोल्टने तेवढे अंतर अंदाजे ४.३५ सेकंदांत कापले होते, पण त्यातले ०.१४६ सेकंद प्रतिसादाचे होते. अमेरिकन चाचणीत खेळाडू हलल्यावरच घड्याळ सुरू होते, तेही हाताने. म्हणून तिचे आकडे शर्यतीच्या वेळेशेजारी मांडताना जपून राहावे. तरीही पहिल्या पस्तीसेक मीटरपर्यंत धावपटू आणि असा खेळाडू या दोघांतील फरक फार थोडा असतो आणि खरी तफावत त्यानंतर दिसू लागते, एवढे म्हणता येते.

प्रश्न : मग उत्तम धावपटूलाच थेट संघात का घेत नाहीत? — एक विद्यार्थिनी

उत्तर : घेऊन पाहिलेले आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा बॉब हेज पुढच्याच वर्षी डॅलस काउबॉइजकडून खेळू लागला आणि कमालीचा यशस्वी ठरला; मात्र तो महाविद्यालयापासूनच अमेरिकन फुटबॉल खेळत होता. खुद्द बोल्टने २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील सेंट्रल कोस्ट मरिनर्स या फुटबॉल संघात जागा मिळवण्याचा प्रयत्न केला, एका सराव सामन्यात दोन गोलही केले, पण करार काही झाला नाही. चेंडू कुठे येणार हे अर्धा सेकंद आधी ओळखणारा खेळाडू तेवढ्या वेळात तीन-चार मीटर पुढे गेलेला असतो, आणि हे अंतर नुसत्या पायांच्या जोरावर भरून काढणे अवघड असते.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा हॉकी खेळतो. वेग वाढावा म्हणून त्याला रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. हे योग्य आहे का? — एक पालक

उत्तर : फेऱ्यांनी दम वाढतो, वेग वाढत नाही. पूर्ण ताकदीच्या धावेला पहिल्या काही सेकंदांत स्नायूंमध्ये साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून ऊर्जा मिळते. संपलेल्या साठ्यापैकी सुमारे निम्मा भाग अर्ध्या मिनिटात परत येतो, पण तो पुरता भरायला काही मिनिटे लागतात. म्हणून वेगाचा सराव शरीर तापवून झाल्यावर, थकवा येण्यापूर्वी करावा : वीस मीटरच्या सहा ते आठ धावा, प्रत्येक धाव जीव तोडून, आणि दोन धावांमध्ये किमान दोन मिनिटे विश्रांती. पाहणाऱ्याला ही मुले आळशीपणा करत आहेत असे वाटते, त्याला इलाज नाही. यातल्या काही धावा हातात स्टिक धरून, काही चालता चालता सुटून, तर काही धावून एकदम थांबण्याच्या असाव्यात. वेगात असताना थांबता न येणारा खेळाडू वळणावर मागे पडतो. मांडीच्या मागच्या स्नायूंची दुखापत बहुधा पूर्ण वेगात, पाय पुढे फेकला जाऊन जमिनीला टेकण्याच्या बेतात असताना होते, म्हणून आठवड्यातून एकदा-दोनदा चाळीस मीटरची पूर्ण वेगाची धावही हवी, म्हणजे सामन्यातला वेग त्या स्नायूंना अनोळखी राहत नाही. त्याच्या जोडीला, गुडघे टेकून व घोटे जोडीदाराने धरलेले असताना धड सावकाश पुढे झुकवत नेण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम करावा. फुटबॉलपटूंवरील अभ्यासांत त्याने या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले आहे. पहिल्या आठवड्यात पाय चांगलेच दुखतात, म्हणून सुरुवात प्रत्येकी पाच आवर्तनांच्या दोन फेऱ्यांनी करावी आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तो टाळावा.