लांबी कळली, पण खाली काय आहे?

वाचकांचे प्रश्न
उत्तरं : धावपट्ट्यांच्या तपासणीत हयात घालवलेल्या एक निवृत्त स्थापत्य अभियंता

प्रश्न : आमच्या गावालगतच्या विमानतळावर सध्या फक्त एटीआर येतं. आता धावपट्टी वाढवायचं काम निघालंय आणि ‘लवकरच एअरबस’ असे फलक लागलेत. नवा तुकडा मजबूत बांधतील, पण जुनी पट्टी तीच राहणार ना? तिला मोठं विमान झेपेल हे कोण आणि कसं ठरवतं?
– एक शेतकरी वाचक, मराठवाडा

फलक लावणाऱ्यांना जे सुचलं नाही ते तुम्ही विचारलंत. लांबी भाषणात सांगता येते, म्हणून ती सगळ्यांना पाठ असते. जाडी मातीखाली असते, तिच्यासमोर उभं राहून फोटो निघत नाही.

आधी फरक किती आहे ते बघा. एटीआर ७२, म्हणजे पंख्यांवर चालणारं छोटं प्रवासी विमान, पूर्ण भरलं तरी साधारण २३ टन. एअरबसचं ए३२० जवळपास ७८ टन. दोघांच्याही मुख्य चाकांची संख्या चारच. थोडं वजन नाकाखालची चाकं घेतात, ते सोडलं तर आज एका मुख्य चाकाखाली साडेपाच टन येतात, ते उद्या अठरा होणार. टायरमधली हवाही वेगळी. आपल्या मोटारीत ३०-३२ पीएसआय असते, ए३२० च्या टायरात २०० च्या आसपास.

पट्टीची ताकद काढून जाहीर करायची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्याची, आणि तो आकडा गुप्त नसतो. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं ‘एआयपी’ नावाचं प्रकाशन इंटरनेटवर बघायला मिळतं. त्यात विमानतळाच्या पानावर एडी २.१२ या कलमात धावपट्टीच्या लांबी-रुंदीशेजारी एक सांकेतिक ओळ असते. समजा तिथे जुन्या पद्धतीने ‘पीसीएन ३०/एफ/डी/एक्स/यू’ असं दिसलं (नव्या पद्धतीबद्दल शेवटच्या उत्तरात). ३० ही पट्टीची ताकद. एफ म्हणजे डांबरी, काँक्रीटची असती तर आर. डी म्हणजे खालची माती चार वर्गांतली सगळ्यांत कमजोर. एक्स ही टायरच्या दाबाची मर्यादा. विमानाचाही असाच आकडा असतो, एसीएन. तो विमानाच्या वजनाप्रमाणे आणि मातीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. एटीआरचा दहा-पंधराच्या घरात, भरलेल्या ए३२० चा डी वर्गाच्या मातीवर पन्नासच्या आसपास. विमानाचा आकडा पट्टीच्या आकड्याच्या आत असला की प्रश्न मिटला. तीसच्या पट्टीवर पन्नासचं विमान रोज आणायचं म्हटलं की प्रश्न उभा राहिला.

पण माझी नजर आधी शेवटच्या अक्षराकडे जाते. तिथे ‘टी’ असेल तर पट्टीची तांत्रिक तपासणी करून आकडा काढलाय. ‘यू’ असेल तर आकडा अनुभवावरून आलाय, म्हणजे अमुक विमान इथे नियमित येतं आणि पट्टीला काही झालेलं नाही, एवढंच. त्यात खोटं काही नसतं. फक्त एटीआरच्या अनुभवावरून ए३२० बद्दल काहीच कळत नाही. तुमच्या लोकप्रतिनिधींना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हे अक्षर विचारा.

आता तपासणी. शेवटचं विमान गेलं की आम्हाला पट्टी मिळायची आणि पहाटे पहिल्या विमानाआधी ती रिकामी करून द्यायची. जीपमागे एक ट्रेलर असतो, हेवी वेट डिफ्लेक्टोमीटर, तोंडी ‘एचडब्ल्यूडी’. त्यातलं वजन रबरी बफरांवर पडतं, खालची गोल तबकडी विमानाच्या चाकाएवढा दणका पट्टीला देते, आणि एका ओळीत टेकवलेले सेन्सर पट्टी कुठे किती दबली ते नोंदवतात. हे दबणं डोळ्यांना दिसत नाही, मिलिमीटरच्या भागांत मोजावं लागतं. तबकडीजवळचे सेन्सर सगळ्या थरांचं मिळून सांगतात, दूरचे मात्र जवळजवळ फक्त खालच्या मातीचं. म्हणून मध्यभागी दबणं जास्त आणि दूर एकदम कमी असेल तर मला बरं वाटायचं. रोग वरच्या थरांत आहे, तो काढून नवा घालता येतो. दूरचा सेन्सरही मोठा आकडा दाखवू लागला की समजायचं, खर्च वाढला.

डांबराचं तापमानही त्याच वेळी घ्यावं लागतं. छोटं भोक पाडून त्यात तेल ओतायचं आणि थर्मामीटर सोडायचा. मे महिन्यातली संध्याकाळ आणि जानेवारीची पहाट यांत तीच पट्टी दोन वेगळ्या पट्ट्यांसारखी वागते. काम संपलं की हत्यारं मोजून परत घ्यायची. एक स्पॅनर पट्टीवर राहिला तर सकाळी तो इंजिनात जाऊ शकतो.

एवढ्यावर भागत नाही. दणक्याच्या आकड्यांवरून थरांची ताकद काढायला थरांची जाडी लागते आणि जाडीच्या बाबतीत मी नकाशावर विश्वास ठेवत नाही. गोल कटरने पट्टीतून नळकांडं काढायचं, कोअर म्हणतात त्याला. एका जुन्या पट्टीवर अख्खं यायला हवं होतं ते नळकांडं हातात दोन तुकड्यांत आलं. दोन वेळच्या डांबरीकरणांमधली पकड सुटली होती आणि मधून पाणी झिरपत होतं. कागदावर दोन्ही थरांची जाडी मिळून एक धरली होती. वर फिरायला गेलात तर पट्टी काळी कुळकुळीत, एक भेग नाही.

तुमच्याकडे खरा मुद्दा मातीचा आहे, आणि तो तुम्हाला मी सांगायची गरज नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याचा कस, नमुना चार दिवस पाण्यात ठेवून काढला की दोन-तीनवर येतो. जुन्या पद्धतीत चारच्या खाली सगळं डी वर्गात. मुरूम भरलेल्या जागी हाच आकडा कितीतरी वर जातो. म्हणून कोरड्या दिवसांत एकदा मोजून मोकळं होणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. पट्टीच्या कडेचे चर तुंबलेत का हे मी यंत्र सुरू करण्याआधी बघायची.

तपासणीत पट्टी कमी पडली तर तीन वाटा. वरून जाड थर चढवायचा, पण आधी खालचे सुटलेले थर खरवडून. किंवा मोठं विमान कमी इंधन, कमी प्रवासी घेऊन आणायचं. हलक्या विमानाचा एसीएन उतरतो. तिसरी वाट, क्वचित जादा भार चालवून घ्यायचा. आंतरराष्ट्रीय नियम डांबरी पट्टीवर दहा टक्क्यांपर्यंत मुभा देतात, तीही वर्षभरातल्या एकूण फेऱ्यांच्या पाच टक्क्यांपर्यंतच आणि पट्टीला इजा दिसत नसेल तरच. माती पाण्याने मऊ झाली असेल तेव्हा तर टाळाच म्हणतात. तुमच्याकडे याचा अर्थ जुलै ते सप्टेंबर. आणि तीसवरून पन्नास हे दहा टक्के नव्हेत.

प्रश्न : मुंबईला ए३८० येतं, ५६० टनांचं. तरी पट्टी खचत नाही, हे कसं?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

चाकं मोजा. ए३८० च्या मुख्य चाकांची संख्या २०. नाकाखालच्या चाकांचा वाटा सोडला तर एका चाकाखाली सत्तावीस टनांच्या आत. बोइंग ७७७-३०० ईआर त्याच्याहून दोनशे टनांनी हलकं, ३५१ टनांचं, पण चाकं बारा, म्हणून चाकामागे तेवढेच सत्तावीस. २०१४ मध्ये ए३८० मुंबईत येऊ लागलं तेव्हा लोक त्याच्या पोटाकडे बघत होते. दोघांचा एसीएन बघितला तर ७७७ पट्टीशी जास्त कठोर वागतं, आणि ते आधीपासून येतच होतं. ऊसवाहतुकीत लोखंडी धावेची गाडी जाऊन रबरी टायरची आली तेव्हा ओल्या रानातल्या चाकोऱ्या कशा बदलल्या, ते आजोबांना विचारा.

अमेरिकनांनी याचा उलटा प्रयोग करून पाहिलाय. बी-३६ हे अजस्र बॉम्बर १९४६ मध्ये पहिल्यांदा उडालं ते प्रत्येक बाजूला एकेकच मुख्य चाक घेऊन. चाक माणसाहून उंच, ११० इंच व्यासाचं. सगळं वजन दोन ठिकाणी येत असल्याने हे विमान पेलतील अशा धावपट्ट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. मग पुढच्या विमानांना दर बाजूला चार चाकांची गाडी बसवली. पट्ट्या होत्या तशाच राहिल्या.

प्रश्न : विमान उतरताना जोरात आदळतं, म्हणजे पट्टीचा तोच भाग सगळ्यांत मजबूत करत असतील ना?
– एक वाचक, पणजी

आदळतं ते तुम्हाला, खुर्चीत बसलेल्यांना. उतरताना इंधन बरंच संपलेलं असतं आणि पंख अजून वजन उचलून धरत असतात. पट्टीला जास्त त्रास होतो तो टाकी भरून, रांगेत, हळूहळू सरकणाऱ्या विमानाचा. म्हणून टॅक्सीवे, म्हणजे पट्टीकडे नेणारे रस्ते, आणि पट्टीची टोकं आधी थकतात आणि आम्ही भार काढतो तो उड्डाणाच्या वजनावर. विमानं जिथे तासन्‌तास उभी असतात तो एप्रन बहुधा काँक्रीटचा असतो. सांडलेलं इंधन डांबर विरघळवतं, हेही त्याचं एक कारण. उतरण्याच्या जागी रबराचा काळा थर साचतो. तो घर्षणासाठी घासून काढावा लागतो, पण तो विषय वेगळा.

प्रश्न : आमच्या पुस्तकात पीसीएन आहे, नव्या कागदपत्रांत पीसीआर दिसतं आणि आकडा एकदम शेकड्यांत. पट्ट्या दसपट मजबूत झाल्या का?
– स्थापत्यचा विद्यार्थी, सांगली

नाही हो. जुना आकडा टनांच्या हिशेबात होता, नवा शंभर किलोंच्या, म्हणून दसपट दिसतो. २८ नोव्हेंबर २०२४ पासून एसीआर-पीसीआर ही नवी पद्धत लागू झाली. तिच्यात थरांचं गणित सुधारलंय, मातीचे वर्ग सीबीआरऐवजी लवचिकतेच्या मापांकावर ठरतात, आणि पट्टीचा आकडा काढताना एकाच विमानाऐवजी तिथे येणाऱ्या सगळ्या विमानांची झीज एकत्र धरतात. जादा भाराची मुभाही आता काँक्रीटला डांबराइतकीच, दहा टक्के; पूर्वी काँक्रीटला पाचच होती. परीक्षेत पीसीएनला दहाने गुणून पीसीआर लिहू नका. आणि नोकरीला लागल्यावर कुणी वरिष्ठ तसं करायला सांगतील, तेव्हा कोअरचे अहवाल मागा.