‘कॅज्युअल्टी’ म्हणजे बळी नव्हेत

युद्धवार्तेतील ‘कॅज्युअल्टी’ या शब्दासाठी मराठीत ‘बळी’ लिहावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. लिहू नये. १ जुलै १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, ब्रिटिश सैन्याच्या कॅज्युअल्टी ५७,४७० होत्या आणि त्यांपैकी १९,२४० जण ठार झाले होते. हा सबंध आकडा ‘बळी’ म्हणून छापणारा उपसंपादक ३५,००० हून अधिक जखमींना एका फटक्यात यमसदनी धाडतो. सैन्याच्या हिशेबात ठार, जखमी, बेपत्ता आणि शत्रूच्या हाती सापडलेले असे सगळेच या शब्दात येतात.

शब्दाचे मूळ मोठे गमतीचे आहे. लॅटिनमध्ये ‘कादेरे’ म्हणजे पडणे आणि त्यावरून ‘कासुस’ म्हणजे पडणे, ओढवलेला प्रसंग; फासा पडावा तसे जे अवचित पदरी पडते ते. ‘चान्स’, कोर्टातली ‘केस’, व्याकरणातली ‘केस’ म्हणजे विभक्ती, इतकेच काय, आपली ‘कॅज्युअल लीव्ह’सुद्धा याच घरातली. संस्कृतातील ‘शद्’ हा पडणे या अर्थाचा धातूही याच कुळातला मानला जातो.

म्हणूनच पानिपताचा (१४ जानेवारी १७६१) तो प्रसिद्ध सांकेतिक निरोप मला नमुनेदार कॅज्युअल्टी-यादी वाटतो. त्यात मोती ‘गळतात’ आणि मोहरा ‘हरवतात’: गळणे म्हणजे पडणेच, आणि हरवणे म्हणजे बेपत्ता होणे. विश्वासराव ठार झाले, इब्राहिमखान गारदी जखमी अवस्थेत पकडला जाऊन पुढे मारला गेला, महादजी शिंदे पायाच्या जखमेने जन्माचे लंगडे झाले, आणि भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात इतकी शंका उरली की पुढे त्यांचा तोतया उभा राहू शकला. मेलेला आणि बेपत्ता यांतले अंतर पेशवाईला पुरते कळले होते; आमच्या बातमीदारांना ते कळू नये?

‘रूढीने अर्थ पालटतो’ हे काही भाषातज्ज्ञांचे उत्तर येथे लंगडे आहे, कारण मूळ वार्तेत अर्थ पालटलेला नसतो, पालटतो तो आपल्या भाषांतरात. हत (ठार झालेले) आणि आहत (जखमी) यांचा द्वंद्व समास ‘हताहत’ आपल्याकडे तयार आहे. तो हिंदीचा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्याचा विग्रह एकदा करून पाहावा. मात्र त्यात कैदी आणि बेपत्ता येत नाहीत, तेव्हा त्यांचा आकडा वेगळा द्यावा.